एकोणीस विजेतेपदे, पाच पुरुष आणि मग लेले फरूद

१/
अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेने महिला टेनिसची अजिंक्यपद स्पर्धा १९८२ साली सुरू केली. पुढच्या एकोणीस वर्षांत पहिल्या श्रेणीची एकोणीस सांघिक विजेतेपदे दिली गेली. ती जिंकणाऱ्या सगळ्या मुली होत्या. त्यांचे मुख्य प्रशिक्षक मात्र एकूणएक पुरुष होते: स्टॅनफर्डचे फ्रँक ब्रेनन, सदर्न कॅलिफोर्नियाचे डेव्ह बोरेली, फ्लोरिडाचे अँडी ब्रँडी, टेक्ससचे जेफ मूर आणि जॉर्जियाचे जेफ वॉलेस. २००१ मध्ये ही रांग पहिल्यांदा तुटली. ती तोडणाऱ्या प्रशिक्षिकेने पुढे एकटीने दहा विजेतेपदे मिळवली.

२/
त्यांचे नाव लेले फरूद. रोमन लिपीत हे पहिले नाव अगदी आपल्या लेले आडनावासारखे लिहितात, त्यामुळे मराठी वाचक क्षणभर थबकतो. कोकणाशी त्याचा काही संबंध नाही. फरूद १९७० च्या दशकात स्टॅनफर्डच्या संघातून खेळल्या, १९७८ मध्ये तिथल्याच पदवीधर झाल्या, व्यावसायिक टेनिस खेळल्या, मग त्याच विद्यापीठात सहायक म्हणून परतल्या आणि २००० मध्ये मुख्य प्रशिक्षिका झाल्या. कारकिर्दीचा आलेख एवढाच आहे. परंतु महाविद्यालयात मुलींना टेनिस शिकवण्याचे काम कोणाचे, हा त्यामागचा प्रश्न समजून घ्यायचा तर चाळीस वर्षे मागे जावे लागते.

३/
१९६१ मध्ये सतरा वर्षांच्या बिली जीन मॉफिटने कॅरेन हँट्झसह विम्बल्डनचे महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी ती लॉस एंजेलिस स्टेट कॉलेजात दाखल झाली. विम्बल्डन विजेती असूनही तिला टेनिसची शिष्यवृत्ती मिळाली नाही, कारण मुलींसाठी तशी शिष्यवृत्तीच नव्हती. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी ती काम करत होती. त्याच दशकात, त्याच शहरातल्या दोन विद्यापीठांत आर्थर अ‍ॅश आणि स्टॅन स्मिथ शिष्यवृत्तीवर खेळत होते. लग्नानंतर बिली जीन किंग या नावाने जग तिला ओळखू लागले.

४/
मुलींचे खेळ तेव्हा शारीरिक शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असत आणि तो विभाग बहुधा स्त्रियाच चालवत. प्रशिक्षिका म्हणजे दिवसभर वर्ग घेऊन संध्याकाळी कोर्टवर येणारी शिक्षिका. वेगळे वेतन असले तर नाममात्र, आणि प्रवासाला अनेकदा स्वतःची गाडी. टेक्ससमधील ट्रिनिटी विद्यापीठ आणि अ‍ॅरिझोना स्टेट यांनी याच तुटपुंज्या व्यवस्थेतून बलाढ्य महिला संघ उभे केले. महिला टेनिसचा पाया या शिक्षिकांनी घातला, आणि इतिहासात त्यांची नावे फार थोड्या ठिकाणी सापडतात.

५/
या शिक्षिकांच्या पुढाकारातून १९७१-७२ च्या सुमारास एआयएडब्ल्यू ही महिला क्रीडा संघटना आकाराला आली. तिचे धोरण ठाम होते: पुरुषांच्या खेळांत पैशाने जे केले ते मुलींच्या खेळांत होऊ द्यायचे नाही. घरोघरी जाऊन खेळाडू पळवायचे नाहीत, विद्यार्थिनी आधी आणि खेळाडू नंतर. म्हणून शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलींना या संघटनेच्या स्पर्धांत खेळण्यास बंदी होती. हेतू निर्मळ होता. परिणाम असा की मुलांना जे मिळत होते ते मुलींना नाकारण्याचे काम स्त्रियांची संघटनाच करू लागली.

६/
हा पेच टेनिसच्या कोर्टवरूनच न्यायालयात गेला. फ्लोरिडातील मेरीमाउंट कॉलेजात फर्न केलमायर या शारीरिक शिक्षण विभागाच्या संचालिका होत्या. ‘पीची’ या टोपणनावानेच त्या ओळखल्या जात. मायामी विद्यापीठात शिकताना त्या चक्क पुरुषांच्या संघातून खेळल्या होत्या. त्यांच्या महाविद्यालयाने मुलींना टेनिससाठी शिष्यवृत्ती दिली होती, आणि नेमक्या त्यामुळे त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेला अपात्र ठरल्या. जानेवारी १९७३ मध्ये फ्लोरिडातील दोन महाविद्यालयांच्या वतीने दावा दाखल झाला. त्याच वर्षी एआयएडब्ल्यूने शिष्यवृत्तीवरील बंदी उठवली.

७/
केलमायर त्याच वर्षी महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेच्या पहिल्या संचालिका झाल्या. बॅडमिंटन, बास्केटबॉल, हॉकी असे कितीतरी खेळ असताना शिष्यवृत्तीचे कुलूप टेनिसपटूंनी उघडावे, हा योगायोग नव्हता. १९७० मध्ये ह्यूस्टनमध्ये नऊ खेळाडूंनी एकेका डॉलरचा करार करून स्वतंत्र मालिकेची वाट धरली होती. कोर्टवर पैसा मिळू शकतो, हे इतर खेळांतल्या मुलींआधी टेनिस खेळणाऱ्या मुलींनी पाहिले होते.

८/
दरम्यान २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातील ‘टायटल नाइन’ हे कलम मूळ इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. खेळ हा शब्दही त्यात नाही! खेळांना ते कसे लागू होईल याची नियमावली १९७५ मध्ये आली आणि विद्यापीठांना पूर्ततेसाठी १९७८ पर्यंतची मुदत मिळाली. त्या काळात देशभर सुमारे ३० हजार मुली महाविद्यालयीन संघांतून खेळत होत्या. पुढच्या काही दशकांत तो आकडा दोन लाखांपलीकडे गेला.

९/
फरूद स्टॅनफर्डला आल्या त्या याच संधिकाळात. कॅलिफोर्नियातील या विद्यापीठात पुरुषांच्या टेनिसची घडी आधीच बसू लागली होती. १९६६ पासून प्रशिक्षक असलेल्या डिक गूल्ड यांनी १९७३ मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद आणले आणि निवृत्त होईपर्यंत ती संख्या १७ वर नेली. महिला संघाची सूत्रे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या पत्नी अ‍ॅन गूल्ड यांच्याकडे होती. १९७८ मध्ये जॉन मॅकेन्रोसह पुरुष संघ राष्ट्रीय विजेता ठरला, आणि त्याच वर्षी अ‍ॅन यांच्या संघाने एआयएडब्ल्यूचे विजेतेपद मिळवले. डिक यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. अ‍ॅन यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी अर्धी ओळ येते.

१०/
१९७९ मध्ये महिला संघ फ्रँक ब्रेनन यांच्याकडे आला. न्यू जर्सीच्या टेनिसवेड्या घरातले हे गृहस्थ. त्यांच्याच नावाच्या वडिलांनी बिली जीन किंगला तरुणपणी मार्गदर्शन केले होते. ब्रेनन यांना तयार पाया मिळाला हे खरे; परंतु त्यावर त्यांनी जे रचले त्याला तोड नाही. एकवीस हंगामांत ५१० विजय, ५० पराभव आणि दहा राष्ट्रीय विजेतेपदे. त्यांपैकी सहा तर १९८६ ते १९९१ अशी सलग. या माणसाने कुणा स्त्रीची जागा बळकावली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न एका माणसाचा नव्हता.

११/
प्रश्न व्यवस्थेचा होता. १९७० च्या दशकात एनसीएएने टायटल नाइनला विरोध केला, न्यायालयातही गेली आणि हरली. मग तिने बाजू बदलली: महिलांचे खेळ रोखता येत नसतील तर ते ताब्यात घ्यावेत. १९८१ च्या अधिवेशनात पहिल्या श्रेणीसाठी महिला स्पर्धा भरवण्याचा ठराव झाला. संघांचा प्रवासखर्च एनसीएए देणार, वेगळी वर्गणी नाही. एआयएडब्ल्यूकडे असा पैसा नव्हता. १९८२ मध्ये दोन्ही संघटनांच्या स्पर्धा झाल्या. एआयएडब्ल्यूची शेवटची टेनिस स्पर्धा इंडियाना विद्यापीठाने जिंकली. एनसीएएची पहिली स्पर्धा सॉल्ट लेक सिटीत झाली. तिच्या अंतिम लढतीत स्टॅनफर्डने यूसीएलएला ६-३ असे हरवले, आणि स्टॅनफर्डचीच अ‍ॅलिशिया मोल्टन पहिली एकेरी विजेती ठरली. एआयएडब्ल्यूने एनसीएएविरुद्ध मक्तेदारीचा दावा लावला, तो हरली आणि बंद पडली.

१२/
मुलींना यातून शिष्यवृत्त्या, कोर्ट आणि विमानाची तिकिटे मिळाली. शिक्षिकांनी काय गमावले, ते ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन प्राध्यापिकांनी अनेक वर्षे नेटाने मोजले. १९७२ मध्ये महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. कारण सरळ आहे. काम बिनमोलाचे होते तोवर ते बायकांचे होते. त्याला पगार, पद आणि प्रतिष्ठा लाभताच उमेदवारांची रांग लागली. निवड करणाऱ्या क्रीडा विभागांची सूत्रेही दोन्ही विभागांच्या विलीनीकरणानंतर बहुतांशी पुरुषांकडे गेली होती. आपल्याकडचा स्वयंपाकघर आणि हॉटेलचा भटारखाना यांतला फरक आठवला तर हे गणित लगेच उमगते.

१३/
या पार्श्वभूमीवर फरूद यांच्या उमेदवारीकडे पाहावे. १९८० च्या दशकात त्या ब्रेनन यांच्या सहायक झाल्या आणि ब्रेनन निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीतच राहिल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ही दीर्घ प्रतीक्षा वाटेल, आणि ती होतीच. परंतु याच काळात त्यांनी एक संघ पाठोपाठ विजेतेपदे मिळवताना पाहिला आणि तोच संघ कोरडा पडतानाही पाहिला. १९९२ ते १९९६ या पाच वर्षांत स्टॅनफर्डला एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. फ्लोरिडाने दोन, टेक्ससने दोन आणि जॉर्जियाने एक नेले.

१४/
येथे महाविद्यालयीन टेनिसची रचना थोडी सांगावी लागेल, कारण टीव्हीवर दिसणाऱ्या टेनिसहून ती निराळी आहे. दोन विद्यापीठांच्या लढतीत सहा एकेरीचे आणि तीन दुहेरीचे सामने होतात. पूर्वी नऊही सामन्यांना प्रत्येकी एक गुण असे, म्हणून १९८२ चा निकाल ६-३ असा दिसतो. पुढे तिन्ही दुहेरी मिळून एक गुण आणि सहा एकेरींचे सहा, अशी सात गुणांची पद्धत आली. जो आधी चार गुण मिळवील तो जिंकला.

१५/
एकेरीचे सहाही सामने शेजारशेजारच्या सहा कोर्टवर एकाच वेळी चालतात. बाजूच्या कोर्टवरचा आरडाओरडा आपल्या कोर्टवर ऐकू येतो. व्यावसायिक टेनिसमध्ये खेळ चालू असताना प्रशिक्षकाने काही सांगणे बराच काळ निषिद्ध होते. येथे प्रशिक्षक कोर्टवर जाऊन बसू शकतो. त्यामुळे कोणत्या क्षणी कोणाजवळ जायचे, हाच मुख्य निर्णय. पहिल्या कोर्टवरची देशात गाजलेली मुलगी जिंकली तरी एक गुण, आणि सहाव्या कोर्टवरची कोणी नाव न ऐकलेली मुलगी जिंकली तरी एकच गुण. खेळ एकट्याचा आणि हिशेब सहा जणींचा, असा हा मामला आहे.

१६/
शिष्यवृत्त्यांचे गणितही वेगळे. अलीकडचे नियम बदलेपर्यंत पहिल्या श्रेणीतील महिला टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. पुरुषांच्या संघाला साडेचार. तेव्हा अमेरिकन फुटबॉल एकटाच ८५ शिष्यवृत्त्या घेत असे आणि मुलींच्या बाजूला तशी राक्षसी भूक असलेला खेळ नाही, म्हणून तोल साधण्यासाठी टेनिससारख्या खेळांत मुलींना झुकते माप मिळाले. आठ जागा म्हणजे सहा खेळणाऱ्या आणि दोन राखीव. एखादी चुकीची निवड चार वर्षे पुरते.

१७/
त्यात दर वर्षी एक तुकडी पदवी घेऊन जाते. मुंबईच्या मैदानी क्लबांत एखादा फलंदाज वीस वर्षे खेळतो. इथे चौथे वर्ष संपले की संपले. शिवाय गुणी मुलींना व्यावसायिक टेनिस आधीच खुणावत असते. ख्रिस एव्हर्ट अठराव्या वाढदिवशी व्यावसायिक झाली. ती कधी कोणत्या महाविद्यालयाकडून खेळली नाही. स्टॅनफर्डच्या प्रशिक्षकापुढे आणखी एक अडचण: अभ्यासात प्रवेशाच्या तोलाची नसलेली मुलगी कितीही चांगली खेळो, तिला घेता येत नाही. म्हणजे टेनिसमध्ये देशातल्या पहिल्या काही जणींत असलेली, पुस्तकात मन असलेली आणि तरीही लगेच पैसे मिळवायला न धावणारी मुलगी शोधायची. अशा मुली किती असणार?

१८/
फरूद यांचा पहिला हंगाम याच कोड्याने सुरू झाला. लॉरा ग्रॅनव्हिल ही त्यांना ब्रेनन यांच्याकडून वारशाने मिळालेली खेळाडू. २००० आणि २००१ अशी सलग दोन वर्षे ती राष्ट्रीय एकेरी विजेती ठरली. एकेरीत सलग ५८ सामने जिंकण्याचा विक्रम तिच्या नावावर लागला. २००१ मध्ये स्टॅनफर्डने व्हँडरबिल्टला हरवून सांघिक विजेतेपद मिळवले. स्त्री मुख्य प्रशिक्षक असलेल्या संघाने पहिल्या श्रेणीचे एनसीएए महिला विजेतेपद जिंकण्याची ही पहिलीच वेळ. टायटल नाइनला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. लगेच ग्रॅनव्हिलने दोन वर्षांवरच शिक्षण थांबवून व्यावसायिक टेनिस गाठले आणि पुढच्या वर्षी ती विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत पोहोचली.

१९/
देशातली सर्वोत्तम खेळाडू निघून गेली की संघ कोसळतो, असा अनुभव. स्टॅनफर्डने २००२ चे विजेतेपद पुन्हा जिंकले.

२०/
येथेच दोन प्रशिक्षकांच्या दहा-दहा विजेतेपदांतला फरक दिसू लागतो. ब्रेनन यांच्या दहा विजेत्या वर्षांपैकी सात वर्षी राष्ट्रीय एकेरी विजेतीही स्टॅनफर्डचीच होती: मोल्टन, दोनदा पॅटी फेंडिक, दोनदा सँड्रा बर्च, डेबी ग्रॅहम, लिलिया ऑस्टरलो. फरूद यांच्या दहा विजेत्या वर्षांपैकी असे फक्त तीन वेळा घडले: २००१ मध्ये ग्रॅनव्हिल, २००४ मध्ये अँबर लियू, २०१३ मध्ये निकोल गिब्स. उरलेल्या सात वर्षी देशातली अव्वल एकेरी खेळाडू दुसऱ्याच विद्यापीठात होती आणि करंडक मात्र स्टॅनफर्डकडे आला. उलट २००३ आणि २०१२ मध्ये एकेरी विजेती स्टॅनफर्डची होती, सांघिक विजेतेपद फ्लोरिडाचे.

२१/
हा फरक कर्तृत्वाचा कमी आणि काळाचा अधिक आहे. ब्रेनन यांच्या आरंभीच्या वर्षांत महिला टेनिसवर खरा पैसा खर्च करणारी विद्यापीठे मोजकी होती. उत्तम अमेरिकन मुली त्यांच्यातच वाटल्या जात. शतक बदलेपर्यंत दक्षिणेतील बड्या विद्यापीठांनी आपले संघ उभे केले होते, आणि युरोपापासून आशियापर्यंतच्या मुली शिष्यवृत्तीवर येऊ लागल्या होत्या. चांगल्या खेळाडू सगळीकडे विखुरल्या. अशा वेळी एखादी सम्राज्ञी आणून भागत नाही. चौथ्या, पाचव्या, सहाव्या कोर्टवर कोण उभी आहे यावर निकाल लागतो. फरूद यांची खरी कामगिरी या खालच्या कोर्टांवर आहे आणि नेमकी तीच वर्तमानपत्रांत कधी छापून येत नाही.

२२/
त्याचे फळ २००४ ते २००६ मध्ये दिसले. सलग तीन विजेतेपदे, आणि तिन्ही हंगामांत एकही पराभव नाही. पुढच्या हंगामाच्या आरंभी ही मालिका थांबली तेव्हा सलग विजयांची संख्या ८९ झाली होती. या तीन वर्षांत काही मुली पदवी घेऊन गेल्या, काही नव्या आल्या. विजयाची साखळी मात्र एका तुकडीकडून दुसरीकडे अखंड गेली.

२३/
मग येते २०११. त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा स्टॅनफर्डच्याच कोर्टवर होती. आदल्या वर्षी फ्लोरिडाला ४-३ असे हरवून त्यांनी विजेतेपद मिळवले होते, आणि १९९९ पासून घरच्या कोर्टवर सलग १८४ लढती जिंकल्या होत्या. अंतिम लढत पुन्हा फ्लोरिडाशीच पडली. गुण ३-३. एकच सामना उरला: स्टॅनफर्डची मॅलरी बर्डेट आणि फ्लोरिडाची लॉरेन एम्ब्री. तिसऱ्या सेटमध्ये बर्डेट ४-० अशी पुढे होती. आणखी दोन गेम की सलग दुसरे विजेतेपद, तेही स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. एम्ब्रीने तिथून सामना फिरवला. फ्लोरिडा ४-३. बारा वर्षांची घरची अपराजित मालिका त्याच संध्याकाळी संपली.

२४/
असा पराभव एखाद्या संघाला वर्षानुवर्षे छळतो. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, राष्ट्रीय एकेरीच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्टॅनफर्डच्याच मुली होत्या: गिब्स आणि तीच बर्डेट. गिब्स जिंकली. दुहेरीचे विजेतेपद दोघींनी एकत्र मिळवले. त्यानंतर बर्डेट पदवीच्या एक वर्ष आधीच व्यावसायिक टेनिसकडे गेली. २०१३ मध्ये तिच्याविना खेळणाऱ्या स्टॅनफर्डला स्पर्धेत बारावे मानांकन मिळाले आणि त्यांनी अंतिम लढतीत टेक्सस ए अँड एमला ४-३ असे हरवले.

२५/
टेक्सस ए अँड एम हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले पुढे याच विद्यापीठाकडून खेळली. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवणारी तीच ही ऋतुजा. केलमायर यांच्या दाव्याने मुलींच्या टेनिस शिष्यवृत्तीची वाट मोकळी केली, तिचा एक फाटा अहमदनगर जिल्ह्यापर्यंत असा येऊन पोहोचला. त्या विद्यापीठाने २०२४ मध्ये आपले पहिले राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवले.

२६/
फरूद यांची पुढची विजेतेपदे आणखी अनपेक्षित ठरली. २०१६ मध्ये संघाचे मानांकन पंधरावे. तुल्सा येथील अंतिम लढतीत ओक्लाहोमा स्टेटवर ४-३ असा विजय. २०१८ मध्ये पुन्हा पंधरावे मानांकन, पुन्हा अंतिम लढतीत ४-३, यावेळी व्हँडरबिल्टवर. सलग सामने सहज जिंकणाऱ्या संघाची ही वर्षे नव्हती. शेवटच्या कोर्टवर, शेवटच्या सेटमध्ये तगून राहणाऱ्या संघाची होती. २०१९ मध्ये ऑरलँडोत जॉर्जियावर ४-० असा निर्विवाद विजय मिळाला आणि फरूद यांची दहा विजेतेपदे पूर्ण झाली. ब्रेनन यांचीही दहाच. एनसीएएची २० आणि अ‍ॅन गूल्ड यांच्या काळातले ते १९७८ चे एक.

२७/
विजेत्या वर्षांची यादी समोर मांडली तर एक गोष्ट हाती लागते. ब्रेनन यांच्या काळातील १९९५ आणि १९९६ या दोन तुकड्या चार वर्षे खेळूनही राष्ट्रीय विजेतेपदाविना बाहेर पडल्या. त्यानंतर १९९७ पासून २०१९ पर्यंत स्टॅनफर्डकडून पूर्ण चार वर्षे खेळलेल्या प्रत्येक तुकडीच्या वाट्याला किमान एक विजेतेपद आले आहे. सर्वांत लांबची प्रतीक्षा २००६ नंतरची, आणि तीही चौथ्या वर्षी, २०१० मध्ये संपली. एखाद्या हुशार मुलीला आपल्याकडे वळवताना प्रशिक्षिकेकडे याहून मोठे आश्वासन कोणते असणार?

२८/
आरंभीचा हिशेब आता पुढे नेता येईल. १९८२ ते २०१९ या काळात पहिल्या श्रेणीची ३८ महिला सांघिक विजेतेपदे दिली गेली. त्यांपैकी स्त्री मुख्य प्रशिक्षक असलेल्या संघांची संख्या बारा: दहा फरूद यांची, आणि दोन (२००८ व २०१४) यूसीएलएच्या स्टेला सँप्रास वेबस्टर यांची. या स्टेला पीट सँप्रासची बहीण. म्हणजे अडतीस वर्षांत केवळ दोन स्त्रिया. फरूद यांचे यश बाजूला काढले तर चित्र १९८२ पेक्षा फारसे निराळे दिसत नाही. एकीच्या विक्रमामुळे आकडेवारी किती सुधारल्यासारखी वाटते, हे येथे ध्यानात घ्यावे.

२९/
आणि एक तपशील. फरूद ज्या खुर्चीत वर्षानुवर्षे बसल्या होत्या, त्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत त्यांच्या कारकिर्दीत फ्रँकी ब्रेनन आले. फ्रँक ब्रेनन यांचे चिरंजीव.